चपलाबी घसरल्या

पिंगळी स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्याला चंद्रभानचं दुकान आहे. तीन बाजूंनी पत्रा, चौथी उघडी, आणि उघड्या बाजूला एक बाकडं. आत जळालेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची भेंडोळी, कप्पी, दोर. विहिरीतली मोटार वर काढायची, जळाली असेल तर पुन्हा भरायची आणि परत पाण्यात सोडायची, हा त्याचा धंदा. बाकड्यावर परभणीला कॉलेजला जाणारी पोरं गाडीची वाट बघत बसतात. गाडी वेळेवर येत नाही, त्यामुळं ती येईस्तोवर दुनियेतल्या सगळ्या भांडणांचे निकाल त्या बाकड्यावर लागतात.

वैशाखातल्या त्या सकाळी मात्र एका गाण्याचा निकाल काही केल्या लागत नव्हता.

"हळदीला वाजायलंय बे! हळदीला!" आदिनाथ उठून उभा राहिला होता. "नवरीला हळद लागायलीय आन् डीजेवर काय, तर बाई विहिरीत पडायलीय. समद्या पोरी हात वर करून 'घसरला, घसरला' करायल्यात. काही लाज?"

"हळदीला वाजवणाऱ्याला लाज वाटू दे की. गाण्याला कामून?" सिद्धोधन बसल्या जागेवरून म्हणाला.

"ठेकाच तसला दिलाय! नाचू न्हाई तर काय करू माणसानं?"

"रडगाणं केलं असतं तर तू ऐकलं असतंस का? खरं सांग. दोन ओळीत पुढं ढकललं असतंस."

"आरं पण मेलेल्या बाईवर मजाक—"

"मेलेल्या बाईवर न्हाईच ते. पाय घसरला म्हणणाऱ्यावर हाय. तुला कान हायेत का नुसती भोकं?"

गंमत अशी, की दोघांच्या अंगात एकच काळा टी-शर्ट होता आणि दोघांच्या छातीवर एकच नाव होतं : ढेकूळ. ढेकूळ म्हणजे परभणीतल्या चार पोरांचा बँड. दोन गिटारी, एक ड्रम आणि गायला अपेक्षा. ती ह्याच गावची, ह्याच बाकड्यावर बसून कॉलेजला जाणारी. कर्कश गिटार आणि भाषा आपली, घरातली. त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला आदिनाथ आणि सिद्धोधन घसा बसेपर्यंत ओरडलेले. ह्या एका गाण्यानं आठ दिवसांत दोघांना एका कपातल्या चहावरून उठवलं होतं.

"माझी आत्या गेलीय विहिरीत," आदिनाथचा आवाज एकदम खाली आला. "मी सात वर्षांचा व्हतो. तिला वर काढली तवा मी तिथंच व्हतो. तुला ते गाणं हाय, सिद्ध्या. मला न्हाई."

सिद्धोधन त्याच्याजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "म्हणूनच तर म्हणायलो. तुझ्या आत्याच्या कागदावर काय लिहिलंय?"

"पाय घसरून."

"मग?"

"मग काय मग? ते घरातलं हाय. तेच्यावर ड्रम वाजवायचा न्हाई!"

कुणीतरी मोबाईलवर तेच गाणं लावलं. पत्र्याच्या दुकानात ड्रम असा घुमला की लटकलेली कप्पी थरथरली.

*चपला काठावर, जोडीनं ठेवल्या,*
*बाई लय शिस्तीची, पाय घसरला!*
*कठडा कमरेएवढा, तरी बी घसरला,*
*मग चपलाबी घसरल्या, पाय घसरला!*

शेवटच्या ओळीला गाण्यातली गर्दी खिंकाळली. बाकड्यावरचीही दोघं-तिघं हसली, आणि आदिनाथनं त्यांच्याकडं असं पाहिलं की हसू जागच्या जागी मेलं.

आत चंद्रभान मोटारीत तार भरत होता. त्याचा हात थांबला. किती वेढे झाले ते तो विसरला. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बँडचं नाव गाजायलंय, पोरीचं नाव गाजायलंय, पोरं एकमेकांच्या उरावर बसायलीत. आणि गाण्यातली ती मजाक अपेक्षाची नव्हतीच. ती त्याची होती. शब्दाला शब्द.

*

चंद्रभान विहिरीतून मोटारी काढतो, तशी माणसंही काढतो. म्हणजे धंदा म्हणून नाही. पण दोर त्याच्याकडं, कप्पी त्याच्याकडं, दम छातीत, मग बोलावणार कुणाला? एकोणीस वर्षांचा असताना तो पहिल्यांदा उतरला. चार कोपऱ्यांना चार दोर बांधून बाज खाली सोडली, बाईला बाजेवर घेतलं, पदर नीट केला आणि वर हाक दिली, "ओढा."

वर आला तर काठावर चपला. जोडीनं, टाचेला टाच. आणि त्या बाईच्या आईनं त्याचे ओले पाय धरले. "उडी मारली म्हणू नका रं लेकरा. धाकटीचं लगीन ठरलंय. मोडंल ते."

पोलीस जमादार अजून बांधावरून येत होते. चंद्रभाननं इकडंतिकडं पाहिलं, चपला दोन बोटांत उचलल्या आणि पाण्यात सोडल्या. पंचनाम्यात आलं : मयत ही पाय घसरून पाण्यात पडून मयत. पंच म्हणून खाली चंद्रभानची सही. महिन्यानं धाकटीचं लग्न लागलं, आणि त्या आईनं त्याच्या घरी ताट भरून पुरणपोळ्या पाठवल्या.

तिथून त्याच्या मनानं घेतलं, की हे पुण्याचं काम. मेलेल्याचं झाकावं. बाईमाणसाच्या नावाला गाव काय काय चिकटवतं, ते त्याला माहीत होतं. पुढं कुठल्याही विहिरीवर बोलावलं की तो आधी काठ बघायचा. चपला असल्या तर त्या पाण्यात जायच्या. कुणाला सांगावं लागत नव्हतं, कुणी विचारत नव्हतं. असं अकरा वेळा. ह्या गोष्टीचा त्याला मनातून अभिमान होता. गावात मोठमोठे पुढारी पडलेत, पण मेलेल्या बाईची इज्जत राखणारा एकच, तो म्हणजे आपण, असा.

आणि वर आल्यावर तो मजाक करायचा. लोकांना ते विचित्र वाटायचं. तो म्हणायचा, "विहिरीतून वर आल्यावर माणसानं हसावं. न्हाईतर पुन्हा उतरवत न्हाई."

हिवाळ्यात एकदा गाडी दोन तास लेट होती. बाकी पोरं जीपनं गेली, अपेक्षा एकटी बाकड्यावर उरली. तिनं विचारलं, "मामा, तुमाला भेव वाटत न्हाई का खाली?"

"भेव कसलं? आपल्याकडच्या बाया लय शिस्तीच्या. घसरायच्या आधी चपला काढून जोडीनं ठेवतात. कठडा कमरेएवढा असला तरी घसरतात. अशी कला हाय का कुणाकडं?"

ती हसली नाही. म्हणाली, "मग मामा, पंचनाम्याला त्या चपला कुठं जातात?"

"त्याबी घसरतात," चंद्रभान म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला.

नाव त्यानं घेतलं नव्हतं. पण पिंगळीच्या शिवारात कमरेएवढा कठडा असलेली विहीर एकच, दिनकररावांची. आणि गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या विहिरीतून त्यानं जी बाई काढली, ती दिनकररावांची धाकटी सून राजेश्री. वय चोवीस. कागदावर : लाईट नसल्यामुळे कठड्यावर वाकून पाणी शेंदताना पाय घसरून. चपला : पाण्यात तरंगताना मिळून आल्या. पंच क्रमांक दोन : चंद्रभान.

त्या दिवशी तो चपला उचलत असताना लिंबाखाली दिनकरराव उभे होते. त्यांनी पाहिलं. चौथ्या दिवशी त्यांच्या गड्यानं दुकानात चाळीस हात नवा नायलॉनचा दोर आणून टाकला. चंद्रभानला वाटलं, मालकाची माया.

*

गाणं थांबलं आणि बुलेटचा आवाज आला. पोरं बाकड्यावरून उठली. दिनकरराव खाली उतरले, पांढरं धोतर झटकलं, पोरांच्या छातीवरची अक्षरं वाचली आणि आत आले.

"चंद्रभान, रविवारी दहाला मारुतीच्या पारावर ये."

"काय काढलं दादा?"

"ते गाणं. आमच्या मेलेल्या लेकीवर गाव नाचायलंय. काठावर चपला व्हत्या म्हणे! म्हणजे आमच्याच जाचानं उडी मारली, न्हाई का? त्या गाणाऱ्या पोरीच्या बापाला बोलावून घेतलं व्हतं. ती चारचौघांत खोटं गायले म्हणून माफी मागंल, गाणं काढून टाकंल. न्हाई मागितली तर मी फिर्याद देणार. बाप म्हणला, तशी वेळ आली तर तिचं कॉलेज बंद, आखाडाच्या आत लगीन."

"मग माझं काय काम, दादा?"

"तू पंच हाईस. चपला पाण्यात व्हत्या, एवढं एक वाक्य बोलायचं. तुझ्याच सहीचं हाय. काही नवं मागत न्हाई मी." दिनकररावांची नजर खुंटीवर गेली. "दोर टिकला की रं चांगला."

बुलेट गेली. गाडीची शिट्टी झाली, पोरं स्टेशनाकडं पळाली. पळता पळताही सिद्धोधनचा आवाज ऐकू येत होता, "माफी कशाची बे? कशाची?" आणि आदिनाथचा, "गाणं काढायची!"

चंद्रभान पुन्हा मोटारीकडं वळला तर दारात अपेक्षा. आठ दिवस ती बाकड्यावर फिरकली नव्हती. ती मागच्या बोळातून आली असणार. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"मामा, तुमचं नाव मी कुणाला सांगितलं न्हाई. रविवारी बी सांगणार न्हाई."

"मी कुठं काय म्हणलो?"

"एकच सांगा. तुमी मला खरं सांगितलं व्हतं का मजाक केली व्हती?"

"मजाकच की ती. बाकड्यावरची बात, आन् तू तिचं गाणं केलंस!"

"ते माहीत हाय. पण मजाक खरी व्हती का खोटी?"

चंद्रभान मोटारीतले वेढे पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. खोटी म्हणावं तर पोरगी खोटी ठरते, रविवारी पारावर नाक घासते, नाहीतर आखाडाआधी बोहल्यावर चढते. खरी म्हणावं तर आपण खोटे ठरतो. एका कागदावर नाही, अकरा कागदांवर. वर जमादार दारात, आणि दिनकररावांच्या भावकीच्या विहिरी हातच्या जातात, त्या म्हणजे गावातल्या निम्म्या.

"जा बाई घरी," तो म्हणाला. "माझा हिशोब चुकला तारेचा."

*

शनिवारी दुपारी चुडाव्याकडून येणाऱ्या गाडीनं एक म्हातारी उतरली आणि विचारत विचारत दुकानात आली. हातात कापडी पिशवी. चंद्रभाननं तिला एकदाच पाहिलं होतं, दिनकररावांच्या विहिरीवर, पण विसरावं असं ते पाहणं नव्हतं. राजेश्रीची आई, पार्वतीबाई.

त्यानं बाकडं पुसून दिलं, पाणी दिलं. ती पाणी प्यायली नाही.

"भाऊ, नातवाच्या मोबाईलवर एक गाणं हाय. चपलांचं."

"पोरांचं काही खरं नसतं, मावशी. तुमी मनाला लावून घेऊ नका. उद्या ते बंदच करायलेत."

"गाण्याचं जाऊ द्या हो. मी चपलांचं इचारायले." तिनं पिशवीतून चपलांचा जोड काढला. ऊन आणि पाणी लागून वाकडा झालेला, एका पट्ट्याला निळ्या दोऱ्याचे टाके. "पूर्णेच्या बाजारात मीच घेऊन दिल्या व्हत्या. पट्टा तुटला तर मीच शिवून घेतला. लेकीच्या सामानासंगं ह्या मला दिल्या. पाण्यात सापडल्या म्हणले. तुमी काढल्या ना?"

"मीच काढल्या." हे खरं होतं. आधी सोडल्या, मग काढल्या.

"मी मानलं तवा. काय करणार? घसरली म्हणलं की दोष कुणाचा? दगडाचा. शेवाळाचा. लेकीनं मला पोळ्याच्या आधी फोन केला व्हता. आई, मला घ्यायला ये म्हणली. मी म्हणलं, पोळा होऊ दे, बैलं धुवायची हायेत." ती थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते कधीच संपलं असावं. "घसरली असंल तर मी नुसती आई हाय, जिची लेक मेली. आन् घसरली नसंल, तर कुणीतरी तिला तिथवर नेलं ना भाऊ? मग मला कुणाच्या तरी दारात उभं राहून इचारायचा हक हाय. तो हक माझा हाय का न्हाई, एवढंच सांगा."

"मावशी, कागदावर जे हाय—"

"कागद मला वाचता येत न्हाई. म्हणून तर तुमाला इचारायले."

त्यानं मान खाली घातली. पार्वतीबाईनं चपला पिशवीत घातल्या. परत स्टेशनाकडं न जाता ती गावात गेली, एका दूरच्या पाहुणीकडं. उद्याच्या पाराला थांबणार होती.

दिवेलागणीला मनकर्णानं ताट वाढलं. चंद्रभाननं भाकरी मोडली नाही. मनकर्णा तीस वर्षं ह्या माणसाची बायको आहे. तो विहिरीतून आला की कुठल्या विहिरीतून आला ते ती वासावरून ओळखते.

"गेली व्हती का ती म्हातारी दुकानात?"

"तुला कुणी सांगितलं?"

"समद्या गावाला मालूम हाय. उद्या काय बोलणार तुमी?"

"काय बोलणार! मी काय वाईट केलंय का? बायांचं झाकलं. त्यांच्या मागं त्यांच्या बहिणींची लग्नं झाली, लेकरं उजवली. उडी मारली म्हणलं असतं तर थुंकली असती दुनिया."

मनकर्णानं तवा उतरवला. "एक इचारू का? चपला माणूस कुठं काढतं?"

"म्हणजे?"

"दारात काढतं. जिथं आत जायचं तिथं. म्हणजे मागून येणाऱ्याला कळावं, की माणूस आत गेलंय." तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, राख सारत राहिली. "त्या बाया गुमान न्हाई गेल्या. दारात चपला ठेवून गेल्या. कुणीतरी बघंल म्हणून. आन् समद्यांच्या आधी तुमी पोचलात."

चंद्रभान ताडकन उठला, "तुला काय अक्कल हाय का!" म्हणून ओरडला आणि अंगणात जाऊन बसला. ताट तसंच राहिलं. मनकर्णाही जेवली नाही.

*

रविवारी पारावर अर्धं गाव. वर दिनकरराव आणि त्यांची भावकी, खाली एका बाजूला अपेक्षाचा बाप, मान घालून, आणि त्याच्या शेजारी अपेक्षा. परभणीहून बँडची पोरं आली होती, चाहते आले होते, काळे शर्ट दोन टोळ्यांत उभे होते. आदिनाथ एकीकडं, सिद्धोधन दुसरीकडं.

"गाणं करायला आमची ना न्हाई," दिनकररावांनी सुरुवात केली. आवाज थंड, तोललेला. "पण मरणाचा तमाशा करायचा न्हाई. आन् खोटा तर बिलकुल न्हाई."

"बरोबर हाय!" आदिनाथ म्हणाला. "मी ढेकूळचा पहिल्या गाण्यापासूनचा माणूस हाय, पण मरणावर हसायचं न्हाई."

"हसवतंय म्हणूनच तुमी इथं जमलात!" सिद्धोधन ओरडला. "ती पोरगी गेली तवा जमला व्हता का कुणी पारावर?"

"ए, जबान सांभाळ," भावकीतून कुणीतरी उठलं. दोन-चार जण पुढं सरकले. अपेक्षाच्या बापानं तिचा दंड धरला, "माग माफी आन् चल घरी."

"थांबा," दिनकरराव म्हणाले. "आधी खरंखोटं होऊ द्या. चंद्रभान, ये इकडं. चपला कुठं व्हत्या सांग."

चंद्रभान पुढं आला. खांद्यावर तो नायलॉनचा दोर होता. का घेऊन आलाय, कुणी विचारलं नाही, हा माणूस दोराशिवाय कधी दिसतच नाही. त्यानं अपेक्षाकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. दिलेला शब्द पाळत होती पोरगी. तिनं फक्त त्याचं नाव घेणं बाकी होतं, की "मला हेनीच सांगितलं", आणि ती सुटली असती. ओठ मिटून उभी होती.

त्याच्या तोंडाला जी सवय होती, तीच आली. "चपलांचं काय दादा, त्याबी घसरल्या."

दोघं हसले. बाकी कुणीच नाही. चंद्रभानला स्वतःचाच आवाज परका वाटला. डीजेवरच्यासारखा.

गर्दीतून पार्वतीबाई पुढं आली. तिनं पिशवीतून चपला काढल्या आणि त्याच्यापुढं धुळीत टाकल्या. एक इकडं, एक तिकडं पालथी.

"अशा व्हत्या का भाऊ?"

"बाई, इथं तुमचं काय काम?" वरून आवाज आला.

"मी तुमाला न्हाई इचारायले." तिनं मान वर केलीच नाही. "भाऊ, अशा व्हत्या का?"

चंद्रभान खाली बसला. तेवढं खाली बसायला त्याला एखाद्या विहिरीत उतरण्यापेक्षा जास्त वेळ लागला. त्यानं पालथी चप्पल उलटवली, धूळ झटकली, दुसरीशेजारी ठेवली. मग जरा मागं ओढली. टाचेला टाच लागली. निळ्या टाक्यांचा पट्टा वर आला होता, तो त्यानं अंगठ्यानं आत दाबला.

"अशा व्हत्या," तो म्हणाला. "कठड्याच्या बाहेर. तोंड विहिरीकडं. मी उचलल्या आन् पाण्यात सोडल्या. ह्या हातानं. पोरीनं गाण्यात खोटं काय बी लिहिलं न्हाई. तिला मीच सांगितलं. हसत हसत सांगितलं."

पुढं सरकलेले भावकीतले दोन-चार जण मागं हटले.

"चंद्रभान," दिनकररावांचा आवाज अजून थंडच होता, पण हात धोतराचा सोगा चुरगाळत होता. "कागदावर सही हाय तुझी."

"हाय. खोट्यावर हाय." त्यानं खांद्यावरचा दोर काढला आणि पारावर ठेवला. "आन् हे तुमचं. मला वाटलं माया हाय."

"डोक्यावर पडलाय का तू? आत जाशील!"

"जाईन. एकाच कागदाचं न्हाई ते दादा. अकरा कागद हायेत."

"अकरा?" हा आवाज आदिनाथचा. तो टोळी सोडून पुढं आला होता, चेहरा पांढरा. "मामा, माझी आत्या? तेरा वर्षांमागं, नदीकडच्या विहिरीत?"

चंद्रभानला खोटं बोलायला ह्यापेक्षा सोपी जागा मिळाली नसती. कुणालाच कळलं नसतं.

"तिच्याबी," तो म्हणाला. "लाल पट्ट्याच्या व्हत्या."

आदिनाथनं त्याची गचांडी धरली. सदऱ्याचं बटण तुटून उडालं. चंद्रभाननं हात वर केला नाही, मार खायला तो तयारच बसला होता. सिद्धोधननं मागून आदिनाथला कवेत घेतलं, "सोड, सोड आद्या," म्हणत. आदिनाथ सुटायला धडपडला, आणि मग तो त्या चपलांपाशी मटकन बसला. मरणावर हसायचं नाही म्हणणारा तो, आणि हसायलाच पाहिजे म्हणणारा सिद्धोधन, दोघंही धुळीत एकमेकांना टेकून बसले.

वर भावकीत कुजबूज सुरू झाली. दिनकरराव बुलेटकडं गेले. त्यांना कुणी अडवलं नाही, पण वाट द्यायलाही कुणी बाजूला झालं नाही. एकेकाला चुकवत जावं लागलं.

अपेक्षा पार्वतीबाईसमोर आली. "आजी, तुमची माफी मागते मी. बाकी कुणाची न्हाई."

म्हातारीनं तिला खालीवर न्याहाळलं. "तुझं गाणं मला आवडत न्हाई, पोरी. तेच्यावर कुणी नाचलं की माझ्या काळजात कालवाकालव होती. पण त्यातल्या चपला काढू नको."

*

सोमवारी सकाळी बाकड्यावर पुन्हा तोच वाद होता. आदिनाथ अजूनही म्हणत होता, की हळदीला ते वाजायला नको म्हणजे नको. सिद्धोधन म्हणत होता, हळदीलाच वाजायला पाहिजे. पण आवाज खालचे होते, आणि चहा एका कपात होता. दुकानाला मात्र कुलूप. दिनकररावांच्या भावकीनं दोन मोटारी आदल्या संध्याकाळीच उचलून नेल्या होत्या.

चंद्रभान पार्वतीबाईबरोबर ठाण्यातल्या लाकडी बाकावर बसला होता. मनकर्णा घरून भाकरी बांधून आली होती. आत किती वेळ लागेल, आणि बाहेर सोडतील की नाही, ह्याचा तिला भरवसा नव्हता. म्हातारीच्या मांडीवर पिशवी.

त्यांचा नंबर आला. लिहिणारा हवालदार तरुण होता, नवा. त्यानं कोरा कागद ओढला. नाव, वय, धंदा. चंद्रभाननं सांगितलं. मोटार काढणे म्हणाला, आणि क्षणभर थांबून, "माणसंबी" म्हणाला.

"कशाबाबत जबाब?"

"गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशीचं. राजेश्री, दिनकररावांची सून. विहिरीतलं."

"ते ना, कागद आलाय माझ्याकडं." हवालदारानं जुनी फाईल चाळली आणि पेन टेकवलं. बोलता बोलता त्याचा हात आपोआप चालू लागला, "मयत ही दिनांक अमुक रोजी पाय घसरून—"

चंद्रभाननं कागदावर तळवा ठेवला. तारा भरून भरून काळा पडलेला, जाड तळवा.

"थांबा साहेब. ते खोडा."

"मग कुठून लिहू?"

"चपलांपासून लिहा."